सामना सुरू असताना नेट, आवाज आणि आकडे चालू ठेवायचे कसे: मैदानावर पहिल्यांदाच आयटीचं काम करणाऱ्यांसाठी

ऑफिसातला सर्व्हर बंद पडला तर आपण म्हणतो, "अर्ध्या तासात बघतो." मैदानावर हे वाक्य चालत नाही. गोलंदाज धावत सुटलेला असतो, पंचांच्या कानात कुणीतरी बोलत असतं, बाहेर उभ्या असलेल्या गाडीतून चित्र घरोघरी जात असतं. त्यातलं काहीच राउटर परत चालू होईपर्यंत थांबत नाही. म्हणून ऑफिसातून इकडे येणाऱ्या नव्या माणसाला मी आधी एकच सवय बदलायला सांगतो. सामना चालू असताना बिघाड शोधत बसायचं नाही, आधीच तयार करून ठेवलेल्या दुसऱ्या वाटेवर जायचं. कारण काय होतं ते सामना संपल्यावर बघू. ही दुसरी वाट तयार कशी करायची, ती खरंच चालते का हे कसं तपासायचं आणि तिच्यावर जाताना गोंधळ कसा टाळायचा, ते पुढे सांगतो.

पायरी १: कोणाला काय लागतं ते लिहून काढा

पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडू नका. वही घ्या आणि तुमच्या जाळ्यावर कोण कोण अवलंबून आहे त्याची यादी करा. सामनाधिकारी, तिसऱ्या पंचाची किंवा व्हीएआरची (फुटबॉलमध्ये व्हिडिओ बघून पंचाला मदत करणाऱ्यांची) खोली, स्कोअरर, टायमिंगवाले, प्रक्षेपणाची ओबी व्हॅन (मैदानाबाहेर उभी असते ती गाडी), समालोचक, पत्रकार कक्ष, छायाचित्रकार, गेटवर तिकीट स्कॅन करणारे, स्टॉलवरची कार्ड मशीन, मोठे स्क्रीन, ध्वनिक्षेपक, सीसीटीव्ही, सुरक्षा कक्ष, वैद्यकीय पथक, आणि प्रेक्षकांचं वायफाय. यादी लांबते. लांबू द्या. राहून गेलेला माणूस सामन्याच्या दिवशीच सापडतो आणि तेव्हा त्याला द्यायला पोर्ट शिल्लक नसतं.

प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिहा: हे किती वेळ बंद राहिलं तर चालेल? फुटबॉलच्या नियमांप्रमाणे गोलरेषा तंत्रज्ञानाचा इशारा पंचाच्या घड्याळावर एका सेकंदाच्या आत यावा लागतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये रिव्ह्यू मागायला १५ सेकंद मिळतात, आणि तो मागितल्यावर तिसऱ्या पंचासमोर चित्रं असायलाच हवीत. उलट पत्रकार कक्षाचं नेट दोन मिनिटं गेलं तर तुम्हाला चार शब्द ऐकून घ्यावे लागतील, पण खेळ थांबणार नाही.

यंत्रणा गेलीच तर त्या खेळाचा नियम काय सांगतो, हेही सामनाधिकाऱ्यांना आधीच विचारून ठेवा. फुटबॉलमध्ये व्हीएआर बंद पडलं म्हणून सामना रद्द ठरत नाही, मैदानावरचा निर्णय कायम राहतो. नियम असला तरी दुखतं ते वेगळंच. २०१८ साली ऑस्ट्रेलियाच्या ए-लीग या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेमका निर्णायक गोल झाला त्या क्षणी व्हीएआरच्या खोलीत काही कॅमेऱ्यांची चित्रं दिसेनाशी झाली. गोल ऑफसाइड दिसत असूनही टिकला आणि सामना १-० असा संपला. खोलीतल्या माणसांकडे त्या अर्ध्या मिनिटात करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हा प्रसंग मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो, कारण आपल्या कामातला अर्धा मिनिट केवढा मोठा असतो ते यातून चटकन कळतं.

यादी झाली की क्रम लावा. माझा क्रम असा: आधी जिवाशी संबंधित सगळं, म्हणजे सुरक्षा, वैद्यकीय पथक आणि लोकांना सूचना देणारे ध्वनिक्षेपक. मग निकालावर परिणाम करणाऱ्या गोष्टी. मग प्रक्षेपण. मग गेट आणि पैसे. मग उरलेलं सगळं. हा क्रम आयोजकांकडून सही करून घ्या. दोन गोष्टी एकाच वेळी बंद पडल्या तर कुठे आधी धावायचं यावर त्या क्षणी वाद घालायला वेळ नसतो, आणि सही असलेला कागद तुमच्या बाजूने बोलतो.

पायरी २: मैदान पायी फिरा

नकाशावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक रॅक (नेटवर्कची यंत्रं ठेवायचं कपाट), प्रत्येक पॅच पॅनेल (भिंतीतून आलेल्या केबल जिथे संपतात ती पट्टी), प्रत्येक खोलीपर्यंत स्वतः चालत जा. दार कुलूपबंद असेल तर किल्ली कोणाकडे असते आणि तो माणूस सामन्याच्या दिवशी कुठे उभा असतो ते विचारा. रॅकसमोरून आणि मागून फोटो काढा. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे आणि स्टेडियममध्ये १०० मीटर फार लवकर संपतात, कारण केबल सरळ रेषेत जात नाही, ती खांबावर चढते आणि जिन्याला वळसा घालते. त्यापेक्षा लांब जायचं असेल तर फायबर, नाहीतर मध्ये स्विच (अनेक केबल एकमेकींना जोडणारा डबा).

सगळ्यात महत्त्वाचं तपासायचं ते इंटरनेटच्या दोन लाइन्सबद्दल. दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून लाइन घेतली की आपण निर्धास्त होतो. एका स्पर्धेत मीही झालो होतो. फेरी मारताना सोबतच्या इलेक्ट्रिशियनने पार्किंगच्या कोपऱ्यातलं झाकण उचललं, तर दोन्ही कंपन्यांच्या फायबर एकाच पाइपमधून आत येत होत्या, आणि त्याच झाकणापासून दहा पावलांवर तंबूवाले खुंट ठोकत होते. कागदावर दोन लाइन, जमिनीखाली एकच. वेळ होता म्हणून तिसरी सोय म्हणून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून वायरलेस लिंक घेतली. तेव्हापासून "दुसरी लाइन आहे का?" हा प्रश्न मी विचारत नाही. "दुसरी लाइन कुठल्या बाजूने आत येते ते दाखवा" असं सांगतो.

मोबाइल डेटा हा बॅकअप म्हणून स्वस्त आणि मोहक वाटतो. रिकाम्या मैदानात त्याचा वेगही छान येतो. पण त्याच टॉवरवर सामन्याच्या वेळी हजारो फोन चढतात आणि प्रेक्षक व्हिडिओ वर पाठवायला लागले की वर जाणारा वेग आधी कोलमडतो. प्रक्षेपणासाठी पाठीवर घेऊन फिरतात ती अनेक सिमकार्डं एकत्र जोडणारी यंत्रंही याच गर्दीत अडकतात. मोबाइलवर विसंबायचंच असेल तर कंपनीशी आधी बोला, किंवा अँटेना गर्दीपासून दूर, उंचावर लावून दुसऱ्या टॉवरकडे वळवा. उपग्रहाचाही पर्याय असतो. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद किंवा जास्त लागतो. आकडे आणि चित्र पाठवायला ते चालतं, पण समोरासमोरच्या बोलण्यात लोक एकमेकांचं वाक्य तोडायला लागतात.

पायरी ३: जाळं तोडून वेगळं करा

सगळ्यांना एकाच जाळ्यावर ठेवणं ही नवशिक्यांची सर्वांत महाग पडणारी चूक. सामनाधिकारी आणि स्कोअरिंग वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर केलेलं वेगळं जाळं), गेट आणि पैशांची यंत्रं वेगळ्या, पत्रकार वेगळ्या, सीसीटीव्ही वेगळ्या. प्रेक्षकांचं वायफाय तर शक्य असेल तिथे वेगळ्या स्विचवर आणि वेगळ्या इंटरनेट लाइनवरच ठेवा. प्रक्षेपणवाले त्यांचं जाळं घेऊन येतात. त्यांचे कॅमेरे आणि ऑडिओ आयपीवर चालत असतील तर अचूक वेळेसाठी ते पीटीपी (सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळवणारी पद्धत) वापरतात आणि त्याला दुसऱ्या वाहतुकीचा धक्का सहन होत नाही. त्यांच्या जाळ्याला हात लावू नका, तुमच्याकडून त्यांना काय हवंय तेवढं लेखी घ्या.

पत्त्यांचा हिशेब करा. जाळ्यावरच्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता लागतो, आणि जाळ्यात किती पत्ते मावतात ते स्लॅशपुढच्या आकड्यावरून कळतं. स्लॅश २४ च्या जाळ्यात २५४ पत्ते मिळतात. पत्रकार कक्षात १२० माणसं असली तरी प्रत्येकाकडे फोन, लॅपटॉप, कधी टॅब्लेट. संपले पत्ते. आणि पत्ते संपल्यावर तक्रार येते ती "वायफाय जोडलंय पण नेट येत नाही" अशी, त्यामुळे नवा माणूस अर्धा तास अँटेनाकडे बघत बसतो. मोठं जाळं द्या. स्लॅश २० मध्ये ४,०९४ पत्ते बसतात. प्रेक्षकांसाठी डीएचसीपीचा (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेचा) पत्ता थोड्या वेळापुरता द्या, म्हणजे निघून गेलेल्या फोनचे पत्ते मोकळे होत राहतात.

आता लूप, म्हणजे केबलची दोन्ही टोकं एकाच जाळ्यात लागून माहिती गोल फिरत राहणं. एका सामन्यात खेळ सुरू होऊन पंधराएक मिनिटं झाली आणि पत्रकार कक्षाबरोबर बाजूच्या स्कोअररच्या खोलीतलंही नेट गेलं. स्विचवरचे सगळे दिवे एकाच लयीत, वेड्यासारखे लुकलुकत होते. ते दृश्य एकदा पाहिलं की विसरत नाही. टेबलाखाली एका पाहुण्या पत्रकाराने मोकळी लोंबणारी केबल दिसली म्हणून चांगुलपणाने भिंतीच्या पोर्टात खोचली होती. तिचं दुसरं टोक आधीच शेजारच्या पोर्टात होतं. त्याची काही चूक नव्हती, चूक आमची होती. त्या स्विचवर लूप ओळखून पोर्ट बंद करणारं संरक्षण आम्ही चालू केलं नव्हतं, आणि स्कोअरर त्याच स्विचवर होते. लोकांचा हात पोहोचेल अशा प्रत्येक पोर्टवर बीपीडीयू गार्ड (लूप दिसला की पोर्ट बंद करणारं), स्टॉर्म कंट्रोल (माहितीचा पूर अडवणारं) आणि डीएचसीपी स्नूपिंग (परक्या यंत्राला पत्ते वाटू न देणारं) लावा. न वापरलेली पोर्टं बंद करा. मोकळ्या केबल टेबलाखाली लोंबत ठेवू नका.

पायरी ४: वायफायकडून जास्त अपेक्षा ठेवू नका

महत्त्वाचं ते सगळं वायरवर. हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही. स्कोअररने "माझ्या लॅपटॉपला पोर्ट नाही" म्हटलं तर बॅगेतून यूएसबीचा अडॅप्टर काढून द्या.

कारण असं की रिकाम्या मैदानात केलेली वायफायची चाचणी भरलेल्या मैदानाबद्दल फारसं काही सांगत नाही. माणसाचं शरीर रेडिओ लहरी शोषून घेतं. खुर्च्या भरल्या की सकाळी जिथे उत्तम रेंज होती तिथे दुपारी काहीच उरत नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. आणि प्रेक्षकांच्या खिशातले हॉटस्पॉट, ब्लूटूथ, सगळे तिथेच गर्दी करतात. म्हणून कामाची उपकरणं ५ किंवा ६ गिगाहर्ट्झवर न्या, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, अँटेनाची ताकद वाढवण्याऐवजी कमी ताकदीचे जास्त अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) लावा. ताकद वाढवली तर अ‍ॅक्सेस पॉइंटचं बोलणं फोनला ऐकू येतं, पण फोनचं त्याला येत नाही, आणि शेजारचे अ‍ॅक्सेस पॉइंट विनाकारण एकमेकांच्या आवाजात थांबून राहतात.

५ गिगाहर्ट्झमधल्या काही चॅनेलांवर रडारचा हक्क पहिला असतो. तिथे रडारची चाहूल लागली की अ‍ॅक्सेस पॉइंटला ते चॅनेल सोडावंच लागतं, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर बसण्याआधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत राहावं लागतं. विमानतळ किंवा बंदर जवळ असेल तर कामाची उपकरणं अशा चॅनेलवर ठेवू नका.

वायरलेस वापरणारे तुम्ही एकटे नसता. मायक्रोफोन, फिरते कॅमेरे, पंचांचे हेडसेट, सुरक्षारक्षकांचे वॉकीटॉकी, सगळ्यांना हवेतली जागा लागते. कोण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे त्याचा एक तक्ता करा, परवाना लागतो तिथे तो बघून घ्या, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांना एकाच वेळी यंत्रं चालू करायला लावा. एकेकाने तपासलं तर सगळ्यांचंच छान चालतं, म्हणून एकत्र तपासायचं.

पायरी ५: वीज

३ फेब्रुवारी २०१३ ला न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, चालू असताना स्टेडियमचा साधारण अर्धा भाग अंधारात गेला आणि खेळ ३४ मिनिटं थांबला. सुरुवात झाली होती ती केबलमध्ये दोष आला तर संरक्षण मिळावं म्हणून बसवलेल्या रिलेपासून. त्या रात्रीची दुसरी बाजू मला जास्त शिकवणारी वाटते. मैदानाच्या विजेवर चालणारे प्रक्षेपणाचे बरेच कॅमेरे आणि काही ऑडिओ गेला, पण वाहिनीने स्वतःची बॅकअप वीज वापरली आणि प्रक्षेपण तुटू दिलं नाही. आपलं काम मैदानाच्या विजेवर किती अवलंबून आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

तुम्हीही ते माहीत करून घ्या. दोन पॉवर सप्लाय असलेल्या स्विचच्या दोन्ही वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचलेल्या मी कितीतरी वेळा पाहिल्या आहेत. एक यूपीएसवर, दुसरी वेगळ्या सर्किटवर लावा. यूपीएसच्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षांत दमतात, त्यामुळे डिस्प्लेवर दिसणाऱ्या मिनिटांवर विसंबू नका. पूर्ण भार लावून प्लग काढा आणि घड्याळ लावा. जनरेटर चालू व्हायला लागणारा वेळ यूपीएसने आरामात काढला पाहिजे. अ‍ॅक्सेस पॉइंट आणि कॅमेरे केबलमधून वीज घेत असतील तर स्विच एकूण किती वॅट देऊ शकतो ते बघा. जुन्या पद्धतीत पोर्टमागे १५.४ वॅट, नंतरच्यात ३०. चोवीस पोर्टं आहेत म्हणून चोवीसही उपकरणांना पुरेशी वीज मिळेलच असं नाही.

आणि रॅकच्या सॉकेटवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहा: "काढू नये." झाडलोट करणाऱ्या माणसाला व्हॅक्यूम क्लीनरसाठी जागा हवी असते, त्याला तुमचा स्विच कसा कळणार?

पायरी ६: केबल काढून बघा

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी हे करा. सामन्याच्या दोन दिवस आधी, सगळी यंत्रं चालू असताना, मुख्य इंटरनेट लाइनची केबल हाताने काढा. स्क्रीनवर बटण दाबून बंद करायची नाही, खरोखर काढायची. आणि बघा.

नेहमी काहीतरी निघतं. राउटर दुसऱ्या लाइनवर जातो, पण स्कोअरिंगचं सॉफ्टवेअर जुनं कनेक्शन धरून बसतं आणि ते हाताने परत चालू करावं लागतं. दुसऱ्या लाइनचा पत्ता वेगळा असल्यामुळे समोरच्या बाजूचा फायरवॉल तुम्हाला आत घेत नाही. लाइन तुटलेली असते पण मधल्या डब्यामुळे दिवा हिरवाच राहतो, आणि राउटरला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून नुसत्या दिव्यावर ठरवू नका, दूरच्या दोन-तीन पत्त्यांना सतत हाक मारून उत्तर येतंय का यावर ठरवायला लावा. केबल परत लावल्यावरही घाई नको. जुन्या स्पॅनिंग ट्रीमध्ये (लूप टाळणारी स्विचमधली सोय) पोर्टवरून माहिती वाहायला ३० सेकंद जातात, तेवढ्यात नवा माणूस घाबरून आणखी दोन केबल काढतो.

असं एकेक करत सगळं काढा. मुख्य स्विचची वीज, मधली फायबर, डीएचसीपीचा सर्व्हर, स्कोअररचा लॅपटॉप. प्रत्येकासाठी तीन गोष्टी लिहा: काय बंद झालं, किती सेकंदांत परत आलं, आपोआप आलं की कुणाला हात लावावा लागला. हात लावावा लागला असेल तर कोणी, कुठे, काय दाबायचं ते एका ओळीत लिहा आणि तो कागद लॅमिनेट करून रॅकच्या दारावर चिकटवा. सामन्याच्या वेळी तिथे कदाचित तुम्ही नसाल, कालच आलेला मुलगा असेल. त्याला वाचून करता आलं पाहिजे.

साध्या केबलला कमी लेखू नका. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एका मोठ्या सामन्यात एका संघाच्या प्रशिक्षकांचे टॅब्लेट बंद पडले. टीव्हीवर सगळ्यांनी टॅब्लेटला दोष दिला, पण दोष नेटवर्कच्या केबलकडे निघाला. फायबरचं तर आणखी नाजूक. सिंगल मोड फायबरचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. त्याच्या तोंडावर धुळीचा एक कण बसला तरी लिंक अधूनमधून तुटत राहते आणि सगळे स्विच बदलून दमतात. टोक जोडण्याआधी प्रत्येक वेळी क्लीनिंग पेनने पुसा, टोपी काढून तोंड उघडं ठेवू नका, आणि चालू फायबरमध्ये डोळा लावून कधीही बघू नका. तो लेझर दिसत नाही पण डोळा घेऊन जातो.

पायरी ७: आपसात बोलायचं कशावर

बऱ्याच टीम इथे फसतात. आपलं सगळं बोलणं चॅट ग्रुपवर आणि तो ग्रुप त्याच वायफायवर, जे बंद पडल्यावर आपल्याला बोलायचं असतं! मोबाइलचं नेटवर्कही तेव्हा गर्दीने भरलेलं असतं. आयटी टीमकडे स्वतःचे वॉकीटॉकी हवेत, स्वतःचं चॅनेल हवं, प्रत्येकाकडे जादा बॅटरी आणि कानात घालायचा इअरपीस हवा. गर्दीच्या गोंगाटात नुसत्या स्पीकरमधून काही ऐकू येत नाही. ओबी व्हॅन आणि नियंत्रण कक्ष यांच्यात एक साधा वायरचा टेलिफोन किंवा इंटरकॉम ओढून ठेवा. जुना वाटतो, पण तो इंटरनेटवर अवलंबून नसतो.

बोलण्याची शिस्त आधीच ठरवा. आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग स्वतःचं, मग निरोप. ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणायचा. उदाहरण देतो.

"कंट्रोल, उत्तर रॅक बोलतोय. स्कोअररची लाइन गेली."

"उत्तर रॅक, कंट्रोल. स्कोअररची लाइन गेली, ऐकलं. कागदावरचा तीन नंबर करा. पत्रकारांकडे बघू नका."

"कंट्रोल, तीन नंबर करतो."

"उत्तर रॅक, झालं की सांगा. वेळ १५:४२."

एवढंच. का गेली, कालही असं झालं होतं, मी म्हटलं होतं ना, यातलं काहीही त्या चॅनेलवर नको. आयोजक, प्रक्षेपणवाले आणि सामनाधिकारी यांच्याशी बोलायला एकच माणूस ठेवा आणि तो हातात केबल घेऊन काम करणारा नको. काम करणाऱ्याला दर मिनिटाला "झालं का?" विचारलं की काम दुप्पट लांबतं. एक जण फक्त नोंदी घेईल, वेळेसकट.

पायरी ८: कुणी मुद्दाम बिघडवलं तर

९ फेब्रुवारी २०१८ ला प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा सुरू होत असतानाच आयोजकांच्या संगणकांवर हल्ला झाला. स्टेडियमचं वायफाय गेलं, माध्यम केंद्रातले टीव्ही गेले, संकेतस्थळ बंद पडल्याने लोकांना तिकिटं छापता येईनात. संकेतस्थळ परत यायला सुमारे बारा तास गेले. लॉगिनची ओळख पटवणारे मुख्य सर्व्हरच पुसले गेल्यामुळे एकातून एक सेवा कोसळत गेली.

यातून लहान टीमनेही उचलावं असं बरंच आहे. स्विच आणि राउटरला मुख्य लॉगिन सर्व्हर नसतानाही आत जाता येईल असा एक स्थानिक पासवर्ड ठेवा आणि तो पाकिटात बंद करून ठेवा. प्रत्येक उपकरणाच्या सेटिंगची प्रत जाळ्याबाहेरच्या पेनड्राइव्हवर ठेवा. फोन नंबर, नकाशा, पत्त्यांची यादी कागदावर छापलेली हवी. गेटवरची स्कॅनर यंत्रं नेट नसताना तिकीट तपासू शकतात का ते विचारा, आणि विचारण्यावर न थांबता एका स्कॅनरचं नेट तोडून दहा तिकिटं स्कॅन करून बघा. बाहेरच्या कंत्राटदाराला दिलेलं लॉगिन त्याचं काम संपलं की त्याच दिवशी बंद करा.

पायरी ९: आदला दिवस आणि सामन्याचा दिवस

आदल्या दिवशी दुपारनंतर कुठलाही बदल नाही. "हे एवढं छोटं करून टाकतो" हे वाक्य ऐकलं की ठाम नाही म्हणा. लॅपटॉप आणि सर्व्हरवरचे आपोआप होणारे अपडेट थांबवा. सर्टिफिकेट आणि लायसन्सच्या मुदती बघा, त्या नेमक्या सुट्टीच्या दिवशी संपतात. सगळ्या उपकरणांची घड्याळं वेळ सांगणाऱ्या एकाच एनटीपी सर्व्हरशी जुळलेली आहेत का ते तपासा. नाहीतर नंतर नोंदी जुळवताना कशाआधी काय घडलं तेच कळत नाही.

सामन्याच्या दिवशी गेट उघडण्याच्या निदान तीन तास आधी पोहोचा. पहिला तास फेरीचा: प्रत्येक रॅकपर्यंत जा, दिवे बघा, हाताने केबल चाचपा. दुसऱ्या तासात वापरणाऱ्यांकडे जा. स्कोअररला खोटा स्कोअर टाकायला लावा आणि मोठ्या स्क्रीनवर तो उमटतोय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिसऱ्या तासात हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.

गर्दीचा भार तीनदा चढतो. गेट उघडल्यावर स्कॅनरवर, मध्यंतरात कार्ड मशीन आणि वायफायवर, आणि शेवटच्या क्षणांनंतर वर जाणाऱ्या व्हिडिओंचा. हे तीन वेळ टीममध्ये कुणी जेवायला जाणार नाही असं आधीच ठरवा आणि जेवणं त्या हिशेबाने आधी उरका. उपाशी माणूस चुकीची केबल काढतो.

बॅगेत माझ्याकडे कायम असतं ते हे: तयार केलेल्या वेगवेगळ्या लांबीच्या केबल, एक सेटिंग भरून ठेवलेला छोटा स्विच, केबल टेस्टर, क्रिम्पर आणि कनेक्टर, फायबर क्लीनर, दोन जादा एसएफपी (स्विचला फायबर जोडायचे छोटे तुकडे), कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडून सेटिंग करायला), हेडटॉर्च, कापडी टेप, लेबल, जाड पेन.

पायरी १०: बिघडलं तेव्हा

पहिली दहा सेकंदं हात मागे. कोणाचं गेलं, एकाचं की सगळ्यांचं, एवढंच विचारा. एकाचं असेल तर त्याच्या टेबलापासून सुरुवात: प्लग, केबल, पोर्ट. सगळ्यांचं असेल तर मुख्य रॅककडे. मग कागद बघा आणि दुसऱ्या वाटेवर जा. मिनिटभरात गेलं नाही तर हाताने करायच्या पद्धतीवर उतरा. स्कोअररने कागदावर लिहायला सुरुवात करायची, निरोप्याने तो कागद न्यायचा. ही पद्धतही एकदा आधी करून बघितलेली असू द्या.

दुसऱ्या वाटेवर सगळं चालू झालं की तिथेच थांबा. पहिली लाइन परत हिरवी दिसली तरी सामना संपेपर्यंत तिच्याकडे परतायचं नाही. आलेली लाइन पुन्हा जाते, आणि मागे-पुढे करताना प्रत्येक वेळी थोडा वेळ सगळ्यांचं तुटतं. राउटरमध्ये आपोआप परत जाण्याची सोय असेल तर ती बंद ठेवा. मध्यंतरात मूळ बिघाड दुरुस्त करायचा मोह होईल. करू नका. १५ मिनिटांचं मध्यंतर स्विच उघडून बंद करेपर्यंत संपतं.

पायरी ११: शेवटच्या शिट्टीनंतर

प्रेक्षक निघाले म्हणून केबल गुंडाळायला घेऊ नका. छायाचित्रकारांचं खरं काम आता सुरू होतं, पत्रकार परिषद बाकी असते, स्कोअररला अधिकृत आकडे पाठवायचे असतात, आणि वैद्यकीय व सुरक्षा कक्ष शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत चालू असतो. प्रत्येकाकडे जाऊन "तुमचं झालं का?" विचारा, यादीवर खूण करा, मगच ती लाइन बंद करा.

त्याच रात्री, घरी जाण्याआधी, टीमला अर्धा तास बसवा. नोंदवही उघडा आणि वेळेच्या क्रमाने वाचा: काय गेलं, कधी कळलं, आधी कोणाला कळलं. आपल्या स्क्रीनआधी जर पत्रकाराने येऊन सांगितलं असेल, तर तिथे देखरेख लावायची राहिली होती. ते लगेच लिहून ठेवा. मग सामन्यात खराब निघालेल्या केबलला मधोमध कापा, म्हणजे ती चुकूनही परत बॅगेत जाणार नाही.